कासिनोच्या डोंगराखालचा सेनापति



शाळेंत इतिहास शिकवीत असतांना वर्गांतील एका मुलानें मला एकदां प्रश्न विचारला होता : "गुरुजी, वाईट पक्षाच्या बाजूनें एखादा चांगला माणूस लढला, तर त्याला चांगला म्हणावयाचें कीं वाईट?" तास युरोपच्या इतिहासाचा होता, तरी उत्तर म्हणून मीं भीष्म-द्रोणांचीं नांवें घेतलीं आणि तेवढ्यांत घंटा झाली म्हणून माझी सुटका झाली. मुलाचें समाधान झालें नाहीं हें त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतें. आणि खरें सांगावयाचें तर माझेंही झालें नव्हतें. भीष्माचार्यांना शरपंजरीं पडल्यावरही बोलावयास उसंत मिळाली. प्रत्यक्ष इतिहासांतल्या माणसांना ती क्वचित् मिळते. आज ज्या जर्मन सेनापतीची हकीकत मी सांगणार आहें, तिच्याविषयीं वाचतांना मला त्या मुलाची पुनः पुनः आठवण झाली.

या सेनापतीचें पूर्ण नांव फ्रीडोलीन फॉन झेंगर उंड एटरलीन. एवढें लांबलचक नांव वारंवार घेणें माझ्या जिभेस व आपल्या कानांस सारखेंच त्रासदायक होईल, म्हणून आपण त्यास नुसतें झेंगर म्हणूं. जर्मनीच्या रणगाडा-दलांतील सेनापतींपैकीं रोमेलचें नांव आपल्याकडे सुशिक्षित घरांत माहीत असतें. गुडेरियनचेंही पुष्कळांनीं ऐकलेलें असतें. त्या मानानें झेंगर अप्रसिद्ध. त्यानें कोणती राजधानी जिंकली नाहीं कीं कोणता नवा युद्धसिद्धान्त मांडला नाहीं. त्याची सारी कीर्ति अडवून धरण्यांत आणि शिस्तीनें माघार घेण्यांत आहे. परंतु इटलींत हिंदी पलटणी ज्या सर्वांत कठीण फळीवर जाऊन धडकल्या, त्या फळीचा राखणदार तो होता. आणि ज्या राजवटीसाठीं त्यानें ती राखली, तिचा त्यास मनापासून तिटकारा होता.

झेंगरचा जन्म ४ सप्टेंबर १८९१ रोजीं वाल्डशुट या गांवीं झाला. हें गांव बाडेन प्रांतांत, ऱ्हाईन नदीच्या कांठीं, अगदीं स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर आहे. प्रशियाच्या लढवय्या जमीनदारांच्या वळणांतला तो नव्हे. घराणें दक्षिणेकडील, कॅथॉलिक आणि धर्मनिष्ठ. पुढें तो संत बेनेडिक्टच्या संप्रदायाचा गृहस्थाश्रमी अनुयायी झाला. आपल्याकडील वारकरी प्रपंच न सोडतां गळ्यांत माळ घालतो, तसाच कांहींसा हा प्रकार. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

सैन्यांत थोडी उमेदवारी केल्यावर झेंगर ऱ्होड्स शिष्यवृत्ति मिळवून ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजांत शिकावयास गेला. १९१४ सालीं युद्ध पेटलें तेव्हां ज्या देशाच्या ग्रंथालयांत तो बसला होता, त्याच देशाविरुद्ध त्यास जर्मन तोफखान्यांतून लढावें लागलें. युद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहानें जर्मनीचें सैन्य एक लाखावर आणून ठेवलें आणि रणगाडे बाळगण्याची मनाई केली. त्या एक लाखांत ज्या निवडक अधिकाऱ्यांना ठेवून घेण्यांत आलें, त्यांत झेंगर होता. तो घोडदळांत गेला आणि पुढील दोन दशकें मुख्यतः त्यांतच राहिला. रणगाड्यांचे पुष्कळसे सेनापति असे घोड्यावरूनच खालीं उतरलेले आहेत. वाहन बदललें, तरी फटींतून घुसावें, बगल द्यावी, शत्रूच्या पाठीशीं जाऊन उभें राहावें, ही घोडेस्वाराची बुद्धि तीच राहिली. मराठ्यांच्या इतिहासाचा ज्याला परिचय आहे, त्याला हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

१९४० सालीं फ्रान्सवरील स्वारींत झेंगरकडे मोटारींवर बसविलेल्या फौजेची एक ब्रिगेड होती. शेर्बुर्ग बंदर घेण्याच्या वेळीं ही ब्रिगेड रोमेलच्या हाताखालीं देण्यांत आली होती. तें बंदर जूनमध्यें पडलें. त्यानंतरचीं दोन वर्षें तुरीन शहरांत गेलीं. फ्रान्स आणि इटली यांच्या तहाच्या अंमलबजावणीसाठीं जें मंडळ नेमलें होतें, त्यांत जर्मनीचा प्रतिनिधि म्हणून त्यास बसविलें. काम कागदांचें व शिष्टाचाराचें होतें. मात्र इटलीचे लोक, त्यांचे सेनापति आणि त्यांच्या मनांतील धुसफूस यांची जी ओळख तेथें झाली, ती पुढें त्याच्या फार उपयोगीं पडली.

ऑक्टोबर १९४२ मध्यें त्याच्याकडे १७ वी पॅन्झर डिव्हिजन आली. जर्मन भाषेंत पॅन्झर म्हणजे चिलखत, त्यावरून रणगाडा. ही डिव्हिजन रशियाच्या दक्षिण भागांत होती आणि लढून लढून झिजलेली होती. नोव्हेंबरांत रशियनांनीं स्टालिनग्राड येथें जर्मनीच्या ६ व्या सैन्यास चोहोंकडून वेढा घातला. अडीच लाखांवर माणूस आंत कोंडला गेला. त्यास सोडविण्यासाठीं १२ डिसेंबर रोजीं नैर्ऋत्येकडून रणगाड्यांची एक फौज निघाली. मागाहून तींत झेंगरची डिव्हिजन सामील झाली. बर्फाळ, उघड्या मैदानांतून लढत लढत ही फौज मिश्कोवा नांवाच्या लहानशा नदीपर्यंत पोहोंचली. तेथून वेढ्याची कड सुमारें ४८ किलोमीटर होती. पुणें ते लोणावळें यापेक्षां तें अंतर कमी आहे. पण तेथेंच सारें थांबलें. डॉन नदीवर इटालियन सैन्याची फळी रशियनांनीं फोडली होती. तें भगदाड बुजविण्यासाठीं २३ डिसेंबर रोजीं या फौजेंतील सर्वांत बळकट डिव्हिजन काढून घ्यावी लागली. आंत कोंडलेल्यांना बाहेर येण्याचा हुकूम हिटलरनें दिला नाहीं. २ फेब्रुवारी १९४३ रोजीं स्टालिनग्राडच्या उरल्यासुरल्या जर्मन सैन्यानें शस्त्रें खालीं ठेवलीं. एका माणसाच्या हट्टापायीं एक संपूर्ण सैन्य कसें बुडतें, हें झेंगरनें असें जवळून पाहिलें. त्याच महिन्यांत त्याच्या छातीवर नाइट्स क्रॉस लागला.

जून १९४३ मध्यें त्यास सिसिली बेटावर धाडण्यांत आलें, इटालियन ६ व्या सैन्याचा सेनापति गुत्सोनी याच्याजवळ जर्मनांचा दुवा म्हणून. १० जुलैस इंग्रज-अमेरिकन सैन्य बेटावर उतरलें, ऑगस्टच्या मध्यास बेट गेलें. या मोहिमेंत झेंगरच्या वांट्यास विशेष असें कांहीं आलें नाहीं.

विशेष आलें तें पुढच्याच महिन्यांत. ८ सप्टेंबर १९४३ रोजीं इटलीनें युद्धांतून अंग काढून घेतल्याचें जाहीर झालें. काल खांद्यास खांदा लावून उभे असलेले इटालियन एका रात्रींत जर्मनांच्या दृष्टीनें विश्वासघातकी ठरले. झेंगर त्या वेळीं कॉर्सिका बेटावर जर्मन सैन्याचा प्रमुख होता. शेजारच्या सार्डिनियांतील जर्मन डिव्हिजन आधीं कॉर्सिकांत आणावयाची आणि मग सर्वांना घेऊन इटलीच्या भूमीवर उतरावयाचें, असें दुहेरी काम त्याच्याकडे होतें. इटालियन सैन्याशीं चकमकी झाल्या, कांहीं इटालियन अधिकारी कैद झाले. अशा वेळीं हिटलरकडून हुकूम आला कीं, हातांत शस्त्र घेऊन विरोध करणाऱ्या इटालियन अधिकाऱ्यांना गोळ्या घालाव्या.

झेंगरच्या ताब्यांत असे सुमारें दोनशें अधिकारी होते. त्यानें त्यांना गोळ्या घातल्या नाहींत. हुकूम हरवला, पोहोंचला नाहीं, समजला नाहीं, असली सोयीची सबबही त्यानें पुढें केली नाहीं. आपण हें करणार नाहीं, असें त्यानें वरिष्ठ सेनापति केसेलरिंग यास कळविलें. केसेलरिंगनें तें प्रकरण पुढें वाढविलें नाहीं, म्हणून झेंगर वांचला. ऑक्टोबरच्या आरंभीं बास्तिया बंदरांतून शेवटचा जर्मन सैनिक निघून गेला.

याच आठवड्यांत ग्रीसच्या केफालोनिया बेटावर काय झालें तेंही सांगितलें पाहिजे, नाहींतर झेंगरच्या नकाराची किंमत कळावयाची नाहीं. तेथें आक्वी नांवाची इटालियन डिव्हिजन जर्मनांशीं लढली आणि शरण आली. हुकूम याच प्रकारचा होता. तेथील जर्मन अधिकाऱ्यांनीं तो पाळला. शरण आलेल्या इटालियनांना हजारोंच्या संख्येनें मारण्यांत आलें. त्यांचा सेनापति गांदीन यासही गोळी घालण्यांत आली. हुकूम दोन्ही बेटांवर पोहोंचला होता. केफालोनियांतील अधिकाऱ्यांना पुढें कोणी विचारलें असतें, तर हुकुमाकडे बोट दाखविण्यापलीकडे त्यांच्याजवळ दुसरें उत्तर नव्हतें; आणि कॉर्सिकांतील झेंगरच्या वर्तनानें तेंही उत्तर खोटें पाडलें होतें.

यानंतर ऑक्टोबर १९४३ मध्यें झेंगरकडे १४ वें पॅन्झर कोअर सोंपविण्यांत आलें. कोअर म्हणजे कित्येक डिव्हिजनांचा एक गट. १ जानेवारी १९४४ पासून त्यास चिलखती दलांचा सेनापति ही पूर्ण पदवीही मिळाली. यांतील विनोद असा कीं, ही पदवी हातीं आली तेव्हां तो अशा मुलखांत लढत होता, जेथें रणगाडा हा बहुतेक ठिकाणीं अडगळीचा पदार्थ होता. दगडी डोंगर, हिंवाळ्याचा चिखल, फुगलेल्या नद्या आणि खेचराला जेमतेम जातां येईल अशा वाटा. पॅन्झर कोअर हें नांवापुरतें. लढणारा बहुतेक पायदळाचा माणूस. झेंगरनें हें ओळखलें. फळीवर थोडे लोक ठेवावे, यंत्रतोफांना डोंगराच्या कुशींत नीट लपवावें, राखीव तुकडी जवळ बाळगावी आणि शत्रूनें पाय टेकतांक्षणीं, तो स्थिर होण्यापूर्वींच, तिनें त्यास मागें रेटावें, ही त्याची रीत होती. ती पाहण्यासाठीं तो स्वतः आघाडीच्या चौक्यांतून पायीं हिंडत असे.

नेपल्सहून रोमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कासिनो नांवाचें गांव आहे आणि त्याच्या डोक्यावर मोंते कासिनोचा डोंगर, समुद्रसपाटीपासून सुमारें ५१६ मीटर उंच. त्याच्या माथ्यावर संत बेनेडिक्टनें इ. स. ५२९ च्या सुमारास मठ स्थापिला. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगांतील मठजीवनाची ही गंगोत्री. झेंगर ज्या संप्रदायाचा अनुयायी, त्याचें मूळपीठच त्याच्या फळीच्या मधोमध येऊन उभें राहिलें! मठांतील ग्रंथ आणि कलावस्तु दोघां जर्मन अधिकाऱ्यांच्या पुढाकारानें १९४३ च्या शरदृतूंतच खालीं हलविल्या होत्या. खुद्द इमारतींत जर्मन सैनिकानें पाऊल टाकूं नये असें ठरलें होतें. १९४३ च्या नाताळांत झेंगर तेथें प्रार्थनेस गेला, तेव्हां मठाच्या खिडकींतून बाहेर पाहण्याचेंही त्यानें टाळलें. सेनापतीची नजर खिडकीबाहेर गेली कीं ती टेहळणीच होते, असें त्यानें मानलें. मठाच्या भिंतींबाहेर, उतारावर, जर्मन मोर्चे मात्र होते. तेंही झेंगरनेंच आखलेलें. खिडकींतून न पाहणारा आणि भिंतीखालीं यंत्रतोफा बसविणारा माणूस एकच आहे, हें विसरून चालावयाचें नाहीं.

१७ जानेवारी १९४४ च्या रात्रीं समुद्राच्या बाजूस गारिल्यानो नदी ओलांडून इंग्रजांनीं चढाई केली. तेथील जर्मन डिव्हिजन अननुभवी होती. फळी वांकूं लागली. झेंगरनें मधल्या अधिकाऱ्यांची पायरी सोडून थेट केसेलरिंगकडे दोन डिव्हिजनांची मागणी केली आणि त्या त्यास मिळाल्या. या डिव्हिजना रोमजवळ राखीव होत्या. फळी सांवरली. परंतु पांचच दिवसांनीं, २२ जानेवारीस, इंग्रज-अमेरिकन सैन्य रोमच्या दक्षिणेस आंझिओ येथें समुद्रांतून उतरलें, तेव्हां त्यास अडवावयास तेथें जवळजवळ कोणीच नव्हतें. झेंगरच्या मागणीनें एक दार बंद झालें आणि दुसरें उघडें पडलें. आंझिओवर उतरलेल्यांनीं तेथेंच थबकून संधि दवडली, हें जर्मनांचें नशीब. या दोन घटनांच्या दरम्यान, २० ते २२ जानेवारीस, कासिनोच्या खालीं रॅपिडो नदीवर अमेरिकेच्या ३६ व्या डिव्हिजननें हल्ला केला आणि दोन दिवसांत सुमारें १,७०० माणसें गमावलीं. जर्मनांच्या लेखीं ही मोठी चढाई होती हेंही त्यांच्या लौकर ध्यानांत आलें नाहीं, इतक्या सहज ती परतविली गेली.

आतां हिंदी सैन्याची वेळ आली. आफ्रिकेच्या वाळवंटांत नांव मिळविलेली ४ थी हिंदी डिव्हिजन फेब्रुवारींत या डोंगरापुढें आणण्यांत आली. तिचा सेनापति टकर हा अभ्यासू माणूस होता. मठाच्या बांधणीविषयीं वरच्या कचेरींतून त्यास कांहींच माहिती मिळेना, तेव्हां त्यानें नेपल्समधील पुस्तकांच्या दुकानांतून १८७९ सालचें एक पुस्तक शोधून आणविलें आणि त्यांतून काढलें कीं, भिंती निदान दहा फूट जाड आहेत. (विद्यार्थ्यांनो, जुनीं पुस्तकें रद्दींत घालूं नका म्हणून मी सांगतों तें उगीच नव्हे.) अशा भिंती पायदळाला फोडतां येणार नाहींत, तेव्हां एक तर अवजड बाँबनीं त्या पाडा, नाहींतर या डोंगरावर समोरून हल्लाच नको, असें त्याचें मत होतें. वरिष्ठांनीं बाँब मान्य केले आणि समोरचा हल्लाही कायम ठेवला.

१५ फेब्रुवारी १९४४ च्या सकाळीं सुमारें २३० विमानांनीं मठ धुळीस मिळविला. मठाच्या आंत जर्मन सैनिक नव्हते, हें आतां सर्वमान्य आहे. तेथें साधु होते आणि आश्रयास आलेले खेडूत होते, त्यांतले कित्येक मेले. त्याहून दुर्दैवाची गोष्ट अशी कीं, बाँब पडले त्या वेळीं हिंदी डिव्हिजन हल्ल्यास तयारच नव्हती. पुढच्या तीन रात्रींत तिचे हल्ले झाले. आधीं ससेक्सची गोरी पलटण, मग राजपुताना रायफल्स आणि गुरखे, काटेरी झुडुपांतून व सुरुंगांतून त्या ५९३ क्रमांकाच्या टेकडीवर चढले आणि यंत्रतोफांच्या तोंडीं कापले गेले. मठ पडल्यामुळें जर्मनांची नुकसानी झाली नाहीं. उलट, आतां आंत शिरावयास कसलाच प्रतिबंध उरला नाहीं. जर्मन छत्रीधारी सैनिकांनीं ढिगाऱ्यांत मोर्चे बांधले, आणि उभ्या भिंतींपेक्षां पडक्या भिंती संरक्षणास किती बऱ्या, याचा प्रत्यय पुढें तीन महिने आला.

ऐंशीच्या घरांतले मठाधिपति ग्रेगोरिओ दियामारे हे लांकडी क्रूस घेऊन चाळीसेक माणसांसह १७ फेब्रुवारीच्या पहाटे अवशेषांतून खालीं उतरले. झेंगरनें त्यांना आपल्या छावणींत आणविलें, विसांवा दिला आणि मग त्यांची एक मुलाखत ध्वनिमुद्रित करविली. मठांत जर्मन सैनिक नव्हते, असें मठाधिपतींनीं तींत सांगितलें. तें खरें होतें. पण ध्वनिक्षेपकासमोर उभें करतांना हें खरें कोणाच्या कामीं येणार, हें झेंगरला कळत नव्हतें असें म्हणवत नाहीं. बर्लिनच्या प्रचारखात्यानें या मुलाखतीचा भरपूर उपयोग करून घेतला. शिवाय म्हाताऱ्या मठाधिपतींना रोमच्या वाटेवर पुनः अडवून, थकलेले असतांना, आणखी निवेदनें मागण्यांत आलीं. याचा झेंगरला फार संताप आला. संताप खरा असेल; पण ती वाट प्रथम उघडली त्यानेंच. मी स्वतः आज ध्वनिक्षेपकासमोरच बसलों आहें, म्हणून ही गोष्ट मला अधिक टोंचते.

१५ मार्चला कासिनो गांवावर हजार टनांच्या आसपास बाँब पडले. एकही घर धड उरलें नाहीं, आणि त्याच ढिगाऱ्यांनीं व बाँबच्या खळग्यांनीं दोस्तांच्या रणगाड्यांची वाट बंद केली. ९ व्या गुरखा रायफल्सची एक पलटण मठाच्या ऐन खालीं, हँगमन्स हिल या सुळक्यावर, आठ-नऊ दिवस जीव मुठींत धरून बसली. अन्नपाणी विमानांतून टाकावें लागे. अखेर तिलाही रात्रींच्या अंधारांत मागें घ्यावें लागलें.

एप्रिलमध्यें झेंगरला बर्खटेसगाडेनच्या डोंगरावर हिटलरकडून मानचिन्ह घेण्यासाठीं बोलावण्यांत आलें. समोरचा माणूस त्यास थकलेला व खचलेला दिसला. इकडे ११ मेच्या रात्रीं सुमारें सोळाशें तोफा एकदम धडाडल्या आणि शेवटचा हल्ला सुरू झाला. त्या क्षणीं झेंगर आपल्या जागेवर नव्हता. त्याचा वरिष्ठही नव्हता. रॅपिडोच्या खालच्या भागास गारी म्हणतात. अमेरिकनांचें जेथें पाणी झालें होतें, त्याच प्रवाहावर ८ व्या हिंदी डिव्हिजननें पूल टाकले आणि पैलतीर धरला. या डिव्हिजनमध्यें मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. तिकडे फ्रेंचांच्या मोरोक्कन सैनिकांनीं कोणी जाऊं शकणार नाहीं अशा औरुंची डोंगरांतून वाट काढली. झेंगर १७ मेला परतला तेव्हां सांवरण्यासारखें कांहीं राहिलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं पोलिश सैनिकांनीं मठाच्या ढिगाऱ्यावर आपलें निशाण लावलें.

पुढील वर्षाची हकीकत माघारीची आहे. ती थोडक्यांत आटोपतों. रोम ४ जूनला गेलें. आर्नो नदी, मग आपेनाइन्सचे डोंगर, मग हिंवाळाभर बोलोन्या शहरासमोर. झेंगरचें कोअर प्रत्येक ठिकाणीं थोडें थोडें झिजत मागें सरकलें, पण मोडलें नाहीं. लष्करी शाळांतून या माघारीचें कौतुक होतें, आणि तें रास्त आहे.

परंतु मला येथें थांबावेंसें वाटतें. नाझी राजवट गुन्हेगार आहे आणि हें युद्ध हरलेलें आहे, हें झेंगरला कळून चुकलें होतें. आपल्या आठवणींत त्यानें तें लपविलें नाहीं. २० जुलै १९४४ च्या हिटलरविरुद्धच्या कटांत मात्र तो नव्हता. त्यानें आपल्यापुरती एक रेषा आंखली : माझ्या हातून अधर्म होऊं देणार नाहीं, पण नेमून दिलेली फळी मी सोडणार नाहीं. या रेषेच्या पलीकडे काय चाललें होतें? १२ ऑगस्ट १९४४ रोजीं सांतान्ना दि स्ताझेमा या डोंगरी गांवीं एस्. एस्. च्या १६ व्या डिव्हिजनच्या लोकांनीं पांचशेंहून अधिक निःशस्त्र माणसें मारलीं. सप्टेंबरच्या अखेरीस बोलोन्याच्या दक्षिणेस मार्झाबोत्तोच्या परिसरांत सातशेंहून अधिक. बायका, लेंकरें, पाद्री. हीं गांवें जर्मन फळीच्या मागें होतीं. ती फळी मे महिन्यांतच कायमची कोसळली असती, तर त्या लेंकरांच्या गांवांत ऑगस्टपूर्वीं दुसरें सैन्य आलें असतें. फळी टिकली ती झेंगरसारख्या सज्जन आणि कुशल सेनापतींमुळें. कासिनोच्या चार लढायांत दोस्तांचीं पन्नास हजारांवर माणसें मेलीं वा जायबंदी झालीं, तीं वेगळींच.

मग त्यानें काय करावयास हवें होतें? हाताखालच्या हजारों शिपायांना वाऱ्यावर सोडून पळून जावयाचें? तो गेला असता तर त्याच्या जागीं आलेल्यानें कॉर्सिकांतले दोनशें अधिकारी जिवंत ठेवले असते काय? या प्रश्नांना मजजवळ खात्रीचें उत्तर नाहीं. एवढें मात्र मला दिसतें कीं, त्या दोनशें इटालियनांच्या घरीं झेंगरचें नांव एका रीतीनें घेतलें गेलें असेल आणि मार्झाबोत्तोच्या रस्त्यावर तें कोणास ठाऊकही नसेल.

एप्रिल १९४५ मध्यें दोस्तांची शेवटची चढाई झाली. पो नदीच्या तीरावर झेंगरच्या कोअरचें अवजड सामान, तोफा, वाहनें, सारें मागें राहिलें. सेनापति कसाबसा पैलतीरीं पोहोंचला. इटलींतील जर्मन सैन्याची शरणागति २ मे रोजीं अमलांत आली आणि तिची पुढील व्यवस्था ठरविण्यासाठीं जर्मनांच्या वतीनें झेंगरला पाठविण्यांत आलें. ४ मे रोजीं तो फ्लॉरेन्स येथें जनरल मार्क क्लार्क याच्यासमोर उभा राहिला. रॅपिडो नदीवर ज्याची डिव्हिजन कापली गेली, तोच हा क्लार्क.

झेंगर १९४८ पर्यंत इंग्रजांच्या कैदेंत होता. त्याच्याविरुद्ध युद्धगुन्ह्याचा खटला झाला नाहीं. सुटल्यावर हा चिलखती दलांचा सेनापति कॉन्स्टन्स सरोवराच्या बाजूच्या सालेम येथील निवासी शाळेंत मुलांमध्यें काम करूं लागला! ही शाळा कुर्ट हान या ज्यू शिक्षणतज्ज्ञानें नांवारूपास आणलेली. नाझींनीं त्यास १९३३ सालीं देशोधडीस लावलें होतें. तेथील मुलांनीं या उंच, सडपातळ, कोरड्या विनोदाच्या गृहस्थास काय काय प्रश्न विचारले असतील, याची मला सारखी उत्सुकता वाटते. १९५० च्या ऑक्टोबरांत पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्याचा आराखडा करण्यासाठीं कांहीं जुने अधिकारी हिमेरोड येथें जमले, त्यांत तोही होता. ती जागाही एक मठच होती, बेनेडिक्टच्याच नियमानें चालणारी. १९६० सालीं त्यानें आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या आणि ९ जानेवारी १९६३ रोजीं फ्रायबुर्ग येथें त्याचें देहावसान झालें.

कासिनोचा मठ दगडावर दगड रचून पुनः पूर्वींसारखा उभारण्यांत आला. ऑक्टोबर १९६४ मध्यें पोप सहावे पॉल यांच्या हस्तें त्याचें पुनरर्पण झालें. तें पाहावयास झेंगर उरला नव्हता. डोंगराच्या पायथ्याशीं राष्ट्रकुलाची स्मशानभूमि आहे आणि तींत, ज्यांच्या देहाचा ठाव लागला नाहीं अशा चार हजारांवर सैनिकांचीं नांवें हिरव्या संगमरवरावर कोरलेलीं आहेत. त्यांत एक नांव नाईक यशवंत घाडगे यांचें आहे. तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील माणगांवच्या बाजूचा हा तरुण, ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींतला. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्याच्या तुकडींतील बाकीचे सर्व पडल्यावर त्यानें एकट्यानें शत्रूच्या यंत्रतोफेवर चाल केली, ती बंद पाडली आणि तेथेंच गोळी लागून तो पडला. तो मोर्चा झेंगरच्या कोअरचा नव्हता; सैन्य मात्र तेंच, आणि कासिनोहून मागें हटत येऊन पुनः उभें राहिलेलें. घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगांवांत त्यांचा पुतळा आहे. देह इटलीच्या मातींत कोठें आहे, तें कोणालाच माहीत नाहीं.